डेप्टफर्डच्या गोदीची मापं

लंडन ब्रिजपाशी उधाणाच्या दिवशी टेम्सचं पाणी सुमारे ७ मीटर चढतं आणि तितकंच उतरतं. नकाशात ती नदी असली तरी शहरातून जाताना तिचं वागणं पुरतं खाडीचं. पाणी उतरलं की दोन्ही काठांना चिखल, खडी आणि लाकडांचा पट्टा उघडा पडतो, आणि काही तासांत पुन्हा बुडतो. गेली काही वर्षं माझ्या सुट्टीच्या सकाळी या पट्ट्यावर जातात. ओहोटीला जे जुनं बांधकाम दिसतं ते मोजायचं, कागदावर उतरवायचं आणि भरती पायाशी यायच्या आत वर चढायचं, असं ते काम.

मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी नव्हे, नोकरी हिशेबाची. पण २००८ साली लंडनमध्ये टेम्स डिस्कव्हरी प्रोग्रॅम नावाचा उपक्रम सुरू झाला, तोच मुळी माझ्यासारख्यांसाठी. नदीकाठावरचे अवशेष मैलोन्‌मैल पसरलेले आहेत आणि ते झपाट्याने झिजतायत. मूठभर व्यावसायिक पुरातत्त्वज्ञ त्यांना पुरे पडणार नाहीत, तेव्हा काठावर राहणाऱ्या माणसांनाच नोंदी करायला शिकवावं, असा त्यामागचा विचार. शिकून तयार झालेल्यांच्या गटाला फ्रॉग म्हणतात, ‘फोरशोर रेकॉर्डिंग अँड ऑब्झर्व्हेशन ग्रुप’ची आद्याक्षरं. आमच्या गटात निवृत्त शिक्षिका आहेत, एक बसचालक आहे, वास्तुरचनेचं शिकणारी मुलं आहेत. पदवी कुणी विचारत नाही. भरती-ओहोटीचं कोष्टक वाचता येतं का आणि सांगितलेली शिस्त पाळता का, एवढंच बघतात.

शिस्तीचा पहिला धडा वर्गात मिळाला आणि तो मला जड गेला. खणायचं नाही. उचलायचंही नाही. टेम्सच्या काठावर जुन्या वस्तू शोधणाऱ्यांना बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो आणि ३०० वर्षांहून जुनी वस्तू सापडली तर ती कळवावी लागते. आमचं काम मात्र वस्तूंचं नव्हेच. चिखलात रुतलेला खिळा जिथे आहे तिथे काहीतरी सांगतो: तो कुठल्या ओंडक्याशेजारी आहे, किती खोल आहे, त्याच्याबरोबर आणखी काय आहे. खिशात घातला की तो नुसता गंजका लोखंडाचा तुकडा उरतो. प्रशिक्षकांनी हे इतक्या शांतपणे समजावलं की पुढे कधी कुणाचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला नाही.

दुसरा धडा तब्येतीचा. नदीच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, म्हणून हातमोजे, जखमेवर पट्टी आणि वर आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडात काही नाही. सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत ज्याची धास्ती असते तोच हा लेप्टो. वर्गात त्याचं नाव पहिल्यांदा ऐकून बाकीचे वह्या उघडत होते. मी देवगड तालुक्यात वाढले, मला तो लहानपणापासून माहीत.

मी डेप्टफर्ड निवडलं ते घरापासून जवळ म्हणून. नंतर त्याने मला धरून ठेवलं.

ग्रीनिचच्या शेजारी, नदीच्या दक्षिण काठावर हे डेप्टफर्ड. आठव्या हेन्रीने १५१३ साली इथे राजाची गोदी घातली. त्या वर्षी त्याचं फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि आदल्याच वर्षी थोडं खाली वूलिचला दुसरी गोदी सुरू झाली होती. ग्रीनिचचा राजवाडा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे राजाला जहाजं बांधताना बघता यायची. पुढची साडेतीनशे वर्षं इंग्लंडची जी जी आरमारी युद्धं झाली, त्यांची जहाजं इथे बांधली गेली, दुरुस्त झाली, इथूनच दोरखंड, शिडं, नांगर, खारवलेलं मांस भरून निघाली. जगाची फेरी करून आलेल्या ड्रेकला १५८१ मध्ये एलिझाबेथ राणीने डेप्टफर्डलाच, त्याच्या जहाजावर येऊन नाइट केलं. ते जहाज मग इथल्याच गोदीत लोकांना दाखवायला ठेवलं आणि तिथेच कुजलं. त्याच्या उरल्यासुरल्या लाकडाची एक खुर्ची ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर जहाजबांधणी शिकायला आला तोही याच गोदीच्या कुंपणाशी भाड्याच्या घरात राहिला. दर्यावर्दी जेम्स कुकचं एंडेव्हर जहाज १७६८ मध्ये इथेच सफरीसाठी सज्ज झालं.

गोदी बंद पडली १८६९ मध्ये. नदी इथे उथळ, गाळ सतत साचायचा, आणि जहाजं वाढत गेली तशी ती इथे मावेनाशी झाली. याच गाळाने आमच्यासाठी सगळं राखून ठेवलंय. हवा न लागता चिखलात दबलेलं ओक किंवा एल्मचं लाकूड शेकडो वर्षं टिकतं. लाकूड तासायच्या वाकसाचा घाव आजही त्यावर ताजा दिसतो. उघडं पडलं की मात्र ते काही हंगामांतच मऊ होऊन झडायला लागतं.

काठावर उतरायची वाट वॉटरगेट स्ट्रीटच्या टोकाला आहे. डाव्या हाताला मुख्य जहाजबांधकाराचं घर, १७०८ चं, गोदीच्या थोडक्या उभ्या उरलेल्या इमारतींपैकी एक. पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. उधाणाच्या ओहोट्या लंडनला साधारण सकाळी नऊ-दहाच्या आसपास येतात. थंडीत त्या वेळी सूर्य वर आलेला असतो पण ऊब नसते. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत जाऊन उपयोग नाही, तेव्हा पाणी पुरेसं उतरतच नाही. आम्ही कोष्टकातल्या ओहोटीच्या वेळेच्या बरंच आधी जमतो आणि उतरणाऱ्या पाण्यामागून खाली जातो, म्हणजे कामाला वेळ मिळतो. एक माणूस फक्त पाण्याकडे बघण्यासाठी नेमलेला असतो. तो दुसरं काही करत नाही. त्याने हाक दिली की हातातली रेघ अर्धी राहिली तरी वही मिटायची. टेम्सची भरती एकदा फिरली की फार वेगात येते आणि काठाला उंच भिंती आहेत. बाहेर पडायची वाट एकच.

खाली पहिल्यांदा उतरले तेव्हा मला अवशेष दिसलेच नाहीत. चिखलात काळी लाकडं दिसत होती, पण कुठलं गोदीचं, कुठलं नंतरच्या धक्क्याचं, कुठलं नुसतं वाहून आलेलं, हे कळायला डोळा तयार व्हावा लागतो. आमच्या गटप्रमुखांनी जमिनीवर बसायला लावलं. खरंच, चिखलात गुडघे टेकून, लाकडाच्या पातळीवर डोळे आणून बघायचं. मग रांग दिसते. खुंट एका ओळीत आहेत, त्यांच्यामधलं अंतर साधारण सारखं, ओळ नदीकडे उतरती. वाहून आलेलं लाकूड ओळ धरत नाही.

मग सफाई. फावडं नाही, स्पंज आणि मऊ ब्रश. काल-परवाच्या भरतीने आणलेला पातळ गाळ पुसायचा, त्याखालचा जुना थर मोडायचा नाही. हे काम संपेपर्यंत निम्मी ओहोटी संपते. त्यानंतर एक दोरी ताणून आधाररेषा घालतात, तिची दोन्ही टोकं जीपीएसने पक्की करतात. त्या रेषेपासून प्रत्येक लाकडाचं अंतर फितीने. बारकाईचं चित्र काढायचं असेल तिथे एक मीटर चौकोनी चौकट ठेवतात, तिच्यात दर २० सेंटिमीटरला दोऱ्या. चौकटीवर सरळ उभं राहून, एका घरातलं जे दिसतं तेच कागदावरच्या एका घरात उतरवायचं, १:२० प्रमाणात. कागद म्हणजे खरं तर अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचा ताव, पावसात भिजत नाही. पेन्सिल अगदी कडक शिशाची, कारण मऊ शिसं ओल्या हाताने फिसकटतं. शेवटी लेव्हल हे उंची मोजायचं उपकरण लावून लाकडाचा माथा समुद्रसपाटीच्या हिशेबात किती उंचीवर आहे ते घ्यायचं.

फोटो काढले की झालं, हे सगळं कशाला, असं नवीन माणूस हमखास विचारतो. फोटोंपासून संगणकावर त्रिमिती चित्र आता आम्हीही करतो आणि ते उत्तम येतं. पण हाताने काढताना तुम्हाला प्रत्येक रेघेबद्दल ठरवावं लागतं: ही भेग की करवतीची खूण? हे भोक किड्याचं की खुंटीचं? कॅमेऱ्याला हे ठरवावं लागत नाही. ज्या लाकडांची मी चित्रं काढलीत ती मला आजही आठवतात. नुसते फोटो काढलेल्यांची आठवण ठेवायला यादी उघडावी लागते.

प्रत्येक लाकडाला क्रमांक आणि एक छापील तक्ता असतो. लांबी, रुंदी, जाडी. झाड कुठलं. ओंडका अख्खा वापरलाय, उभा चिरलाय की चार भाग करून. हत्यार कुठलं लागलंय: कुऱ्हाड, वाकस की करवत. जोड कशाने केलाय: लोखंडी खिळा, तांब्याचा बोल्ट की लाकडी खुंटी. आणि शेवटचा रकाना, ज्यात काय लिहायचं हे मला बरेच दिवस कळेना: हे लाकूड आधी दुसरीकडे वापरलेलं आहे का?

ते मला शिकवलं माझ्या मामाने, विजयदुर्गात बसून. त्याचा सगळा जन्म होड्या बांधण्यात गेला. एका आडव्या तुळईचे फोटो मी त्याला पाठवले, तर संध्याकाळी त्याचा फोन आला.

“अगो बाय, ह्यां लाकूड ह्या कामासाठी कापलेलां नाय.”

“कशावरून, मामा?”

“खुंट्येची भोकां बघ मा. समोर काय आसा? काय नाय. मगे भोकां कित्याक पाडली?”

मी पुन्हा फोटो उघडले. तुळईत ठरावीक अंतरावर तीन सेंटिमीटरच्या आसपासची गोल भोकं होती, काहींत खुंटीचं लाकूड अजून ठासलेलं. ती ज्या फळीला धरून ठेवण्यासाठी पाडली होती ती फळीच तिथे नव्हती. तुळईला एका अंगाने किंचित बाक होता, तोही सरळ बांधकामात निरर्थक. जहाजाच्या बरगडीला मात्र तो लागतो. पुढच्या ओहोटीला मी ते आमच्या गटप्रमुखांना दाखवलं. त्यांनी शांतपणे रकाना भरायला सांगितला: जहाजाचं लाकूड, पुनर्वापर.

टेम्सच्या काठावर हे जागोजाग आहे. जुनं जहाज मोडायचं आणि त्याच्या लाकडातून काठाला आधार, धक्क्याचा पाया, तराफे टेकायचे ओटे बनवायचे. खाली चार्लटनला तर जहाजं मोडणाऱ्यांचा मोठा धंदा होता. १३१ तोफांचं ड्यूक ऑफ वेलिंग्टन हे युद्धजहाज तिथेच १९०४ मध्ये मोडलं गेलं. पहिल्या प्रतीच्या ओकचा तुटवडा युद्धाच्या काळात इतका असे की लाकूड टाकून देणं कुणाला परवडत नव्हतं. नेपोलियनच्या युद्धांत तर इंग्लंडच्या आरमाराला सागवानासाठी मुंबईकडे वळावं लागलं आणि वाडियांनी मुंबईच्या गोदीत मिंडेन, कॉर्नवॉलिस ही युद्धजहाजं बांधली. त्यांच्याच हातचं ट्रिंकोमाली, १८१७ चं, इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात आजही तरंगतंय. सागाचं म्हणूनच ते टिकलं, असं मी छातीवर हात ठेवून म्हणते.

लाकडाबद्दलची आणखी एक गोष्ट मला या गोदीतल्या माणसांच्या फार जवळ घेऊन गेली. कामाच्या शेवटी खाली पडलेल्या ढलप्या घरी न्यायचा सुतारांना हक्क होता. पगार महिनोन्‌महिने थकायचा, त्यामुळे त्या ढलप्यांवर चूल पेटायची आणि विकून चार पैसेही मिळायचे. मग चांगल्या लाकडाच्याही ढलप्या व्हायला लागल्या. वरिष्ठांनी नियम केले, वाद झाले, आणि शेवटी १८०१ मध्ये हा हक्क काढून घेऊन त्याबदली रोख रक्कम द्यायचं ठरलं. मी जेव्हा चिखलात वाकसाचा घाव बघते तेव्हा तिथून उडालेली ढलपी कुणाच्या तरी घरी गेली असणार, हे मला खरंच जाणवतं. जहाजांची नावं इतिहासात आहेत. घाव घालणाऱ्यांची ओळख बहुतेक अशा खुणांतच उरली आहे.

काठाच्या वर, भिंतीपलीकडे, गोदीची मुख्य जमीन. तिथे म्यूझियम ऑफ लंडन आर्किऑलॉजी या संस्थेने २०१० नंतरच्या वर्षांत मोठं उत्खनन केलं. ट्यूडर काळच्या कोठाराचे पाये, जहाजं उतरवायच्या घसरणी, सुकी गोदी, डोलकाठ्या भिजत ठेवायचे तलाव, असा गोदीचा अख्खा आराखडा जमिनीखाली शाबूत निघाला. कोठाराचा १५१३ साल कोरलेला दगड त्याआधीच, इमारत पाडताना वाचवला होता. तो आता युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये आहे. उत्खननाचं काम संपल्यावर सगळं मोजून, नोंदवून पुन्हा मातीखाली झाकलं.

झाकलं म्हणून स्थानिक लोकांत हळहळ आहे. मलाही वाटली. पण भिजलेलं लाकूड उघडं ठेवायचं तर ते पिढ्यान्‌पिढ्या ओलं ठेवावं लागतं किंवा वर्षानुवर्षं रसायनात मुरवावं लागतं. विटांच्या भिंतींचा प्रश्न वेगळा, त्या दाखवता येतात. माझं मत असं की लाकूड झाकणं योग्यच होतं, पण झाकलेल्या जागेवर काय बांधायचं याचा निर्णय ज्या लोकांच्या पूर्वजांनी ही गोदी चालवली त्यांच्या हातात फारच थोडा राहिला. जागा मोठ्या गृहप्रकल्पासाठी गेली आहे. १६७८ मध्ये इथे बांधलेल्या लेनॉक्स या जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती याच जमिनीवर बांधावी, अशी मागणी डेप्टफर्डचे लोक लावून धरून आहेत. मला ती मनापासून पटते. गोदीच्या जागी पुन्हा सुतारकामाचा आवाज व्हावा, याहून चांगलं स्मारक मला सुचत नाही.

खाली काठावर मात्र काळ असे वेगवेगळ्या थरांत बसलेले नाहीत. गोदीच्या खुंटांमध्ये हाडं पडलेली असतात, गुरांची, ढीगच्या ढीग. गोदी बंद झाल्यावर १८७१ मध्ये तिथे परदेशी गुरांचा बाजार भरू लागला. जहाजांनी आणलेली जनावरं तिथेच उतरवून तिथेच कापायची. तो १९१३ पर्यंत चालला. मग पहिलं महायुद्ध आलं आणि सैन्याचं कोठार झालं. हे सगळं एका चौकटीत, एका मीटरमध्ये मिसळलेलं असतं. ते वेगळं काढताना जुने नकाशे उपयोगी पडतात. १७७० च्या दशकात तिसऱ्या जॉर्ज राजासाठी सहाही राजगोद्यांची लाकडी मॉडेलं बनवली होती. डेप्टफर्डच्या मॉडेलची चित्रं समोर ठेवून मी आमच्या ओळीतले खुंट कुठे बसतात ते ताडून पाहिलंय.

असंच ताडून बघताना ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयाच्या वाचनालयात मी डेप्टफर्डला बांधलेल्या जहाजांची यादी वाचत होते. कुठल्या घसरणीवर कुठलं जहाज होतं ते जुळवायचं होतं. १७४६ सालापाशी एक नाव आलं: केंट. मी यादी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन बसले.

केंट हे इंग्रज अॅडमिरल वॉटसनचं निशाणाचं जहाज, म्हणजे ज्यावर तो स्वतः असायचा ते. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर, इंग्रजांच्या कागदांतल्या घेरियावर, जो आरमारी हल्ला झाला त्याच्या अग्रभागी हे जहाज होतं. तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आश्रयाला एकत्र बांधून ठेवलेलं होतं. एका जहाजाला आग लागली आणि ती एकातून दुसऱ्यात जात सगळं आरमार जळालं. नानासाहेब पेशव्यांनी या मोहिमेत इंग्रजांची साथ केली होती, ही त्यातली सर्वांत दुखरी गोष्ट. वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये वॉटसनचं स्मारक आहे. त्यावर कलकत्ता आणि चंदननगरबरोबर घेरियाचंही नाव कोरलंय. मी ते अनेकदा पाहिलं होतं. पण दगडातलं नाव आणि ज्या चिखलात मी गुडघे टेकते तो चिखल यांचा संबंध त्या दिवसापर्यंत माझ्या मनात जुळला नव्हता.

मामाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, “तुझ्या त्या लाकडात तेचां काय लाकूड आसात?”

केंटचं लाकूड डेप्टफर्डला असण्याचा संभव नाही. चंदननगरला त्याने फ्रेंचांच्या तोफांचा इतका मार खाल्ला की ते पुन्हा कामाचं राहिलं नाही. ते हिंदुस्थानातच संपलं. डेप्टफर्डला जे आहे ते त्याला बांधणाऱ्या जागेचं. मला राग आला होता, हे खरं. पण पुढच्या ओहोटीला खाली उतरले तेव्हा त्या तुळईकडे बघून राग धरता येईना. केंटच्या फळ्या तासणाऱ्या सुतारांना घेरिया कुठे आहे हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांचा पगार थकलेला होता, ढलप्यांवर चूल पेटत होती. आणि विजयदुर्गाच्या खाडीत जळालेली गलबतं ज्यांनी बांधली ते सुतारही असेच कुणीतरी, मामाच्या पणज्याच्या पणज्यासारखे. दोन्हीकडची हत्यारं तीच. मी तुळईचं उरलेलं माप पूर्ण केलं.

मग मला नीट कळलं की मला हे काम कशासाठी शिकायचं होतं. विजयदुर्ग किल्ल्यापासून जवळपास तीन किलोमीटर आत, वाघोटन खाडीच्या काठावर गिर्ये इथे मराठ्यांच्या आरमाराची गोदी आहे. कातळ फोडून केलेली, सुमारे १०९ मीटर लांब, ७० मीटर रुंद. चारशे-पाचशे टनांची जहाजं तिथे बांधली आणि दुरुस्त केली जात. तुळाजीनंतर धुळपांच्या हाती आरमार आलं, तेव्हाही विजयदुर्गच त्याचं ठाणं होतं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या आणि नौदलाच्या अभ्यासकांनी त्या परिसरात शोध घेतलाय, दगडी नांगरही सापडलेत. पण गोदीचा बराच भाग गाळाने भरलाय. आम्ही लहानपणी तिथे खेकडे धरायला जायचो.

गेल्या वेळी सुट्टीत गेले तेव्हा मामाला आणि गावातल्या शाळेच्या सरांना घेऊन तिथे गेले. फीत नेली नव्हती, मुद्दाम. परवानगीशिवाय संरक्षित किंवा संरक्षणयोग्य जागेत मोजमाप सुरू करायचं नाही, हे डेप्टफर्डने अंगात भिनवलंय. आम्ही फक्त बघितलं आणि मी सरांना डेप्टफर्डच्या तक्त्यांची मराठी प्रत दिली. रात्रभर बसून ती केली होती: क्रमांक, जागा, लांबी, रुंदी, जाडी, हत्यार, जोड, पुनर्वापर. लाकडाऐवजी कातळ असल्यामुळे काही रकाने बदलावे लागले. छिन्नीच्या खुणांची दिशा, सुरुंगाचं भोक आहे की नाही, पाणी अडवायच्या दरवाजासाठी खाच दिसते का, असे नवे घातले.

सरांचा प्रश्न नेमका होता: खणायचं नाही, तर मुलांनी करायचं काय?

डेप्टफर्डला आम्ही सर्वांत जास्त वेळ जे करतो तेच, मी म्हटलं. देखरेख. प्रवासी बोटींच्या लाटांनी टेम्सचा काठ सतत खरवडला जातो. ठरावीक ठिकाणी उभं राहून, ठरावीक खुंटाचा ठरावीक फोटो आम्ही वर्षानुवर्षं काढतो आणि खुंटाचा माथा चिखलाच्या किती वर आहे ते मोजतो. काही खुंट माझ्या देखत वीतभर उघडे पडले, एक तर एका हिवाळ्यानंतर दिसेनासा झाला. आता तो फक्त आमच्या तावावर आहे, १:२० प्रमाणात. गिर्येला उलट धोका आहे, तिथे गाळ चढतोय. पण पद्धत तीच लागेल. गोदीच्या काठावर चार जागा ठरवा, परवानगी मिळेपर्यंत कशालाही हात लावू नका, आणि दर अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला त्याच चार जागांवरून त्याच दिशेने फोटो काढा. तारीख, वेळ, पाऊस होता की नाही एवढं लिहा. मुलांच्या हातात फोन आहेतच.

सरांनी राज्य पुरातत्त्व विभागाला द्यायच्या अर्जाचा मसुदा केलाय. माझ्याकडे तपासायला आलाय. त्यात त्यांनी गोदीच्या लांबी-रुंदीचे आकडे घातले होते, ते मी राहू दिलेत, पण पुढे एक ओळ वाढवली: गाळाखालच्या भागाची मापं नव्याने घ्यावी लागतील. मामाने जोडपत्र म्हणून एक चित्र काढून पाठवलंय. गलबत दुरुस्तीला आत घेताना कुठल्या बाजूला कलतं ठेवलं असेल, दोर कुठे बांधले असतील, सुतार कुठे उभे राहत असतील. त्यात प्रमाण नाही, उत्तर दिशाही नाही. ते चित्र मी अर्जाला तसंच जोडणार आहे.